थुराम नेमका राइट-बॅक होता की स्टॉपर?

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय १९, फुटबॉलमध्ये शाळेपासून स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधल्या जागेवर (सेंटर-बॅक म्हणतात तेच). यंदा नव्या प्रशिक्षकांनी तुला राइट-बॅकला, म्हणजे बचावाच्या उजव्या कडेला टाकलं. तू तोंड पाडलंस, तेव्हा ते "थुरामचं करिअर बघ" एवढंच म्हणून निघून गेले. तू बघायला गेलास तर फ्रान्सचा हा बचावपटू एका ठिकाणी राइट-बॅक, दुसऱ्या ठिकाणी सेंटर-बॅक. वर फ्रान्सकडून १४२ सामने आणि गोल फक्त दोन. मग तो नेमका काय होता, आणि त्यातून तू काय घ्यायचं?

मी १४ वर्षं कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून खेळलो, तीही सगळी बचावात, आणि गेली बावीस वर्षं पोरांना तेच शिकवतोय. तेव्हा उत्तर जरा लांबणार. आधी सरळ उत्तर देतो. लिलियाँ थुराम दोन्ही होता. क्लबकडून मुख्यतः स्टॉपर, आणि देशाकडून ऐन उमेदीत राइट-बॅक. त्याची स्वतःची पसंती मधल्या जागेला होती. तरी ज्या जागेवर तो जगज्जेता झाला ती उजवीकडची, त्याची नावडती. माझ्या मते बचावपटूची जागा त्याच्या अंगातल्या गुणांवरून जेवढी ठरते, त्याहून जास्त त्याच्या शेजारी कोण उभं आहे यावरून ठरते. थुरामचं करिअर याच नजरेनं वाचायचं.

जन्म १ जानेवारी १९७२, ग्वादलूप बेटावरचा. हे कॅरिबियन समुद्रात आहे, पण कारभार फ्रान्सचा. आई कामाच्या शोधात आधी पॅरिसकडे गेली आणि पोरांना मागून बोलावून घेतलं. तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. फोंतेनब्लोजवळच्या वस्तीत वाढला, तिथल्या पोर्तुगीज लोकांच्या क्लबात खेळला, मग मलँ आणि तिथून मोनॅको. आणि हे नीट वाच: तिथवर हा पोरगा पुढे खेळायचा, मिडफिल्डला. त्याला मागे आणलं ते मोनॅकोत. तिथले प्रशिक्षक तेव्हा आर्सेन वेंगर. म्हणजे तुला 'आपली' वाटणारी स्टॉपरची जागा थुरामचीसुद्धा जन्मजात नव्हती, ती त्याला कुणीतरी दिलेली. १९९०-९१ च्या हंगामात पहिल्या संघात आला आणि १९९६ पर्यंत तिथे राहिला. फ्रान्सकडून पहिला सामना १७ ऑगस्ट १९९४, बोर्दोत, चेक प्रजासत्ताकाविरुद्ध. त्याच संध्याकाळी झिदानही पहिल्यांदा खेळला, फ्रान्स ०-२ मागे असताना त्यानं दोन गोल मारून सामना २-२ सोडवला. पेपरात अर्थातच झिदान. बचावपटूच्या पहिल्या दिवशीही फोटो दुसऱ्याचाच येतो, याची सवय लवकर लावून घे.

१९९६ मध्ये तो इटलीत पार्माला गेला, आणि खरं शिक्षण तिथे झालं. पार्मा हे छोटं शहर. पण त्या काळी पाठीशी डेअरी उद्योगाचा पैसा होता आणि संघ बघितलास तर चक्रावशील. गोलमध्ये अठरा-एकोणीस वर्षांचा बुफॉन, बचावात फाबियो कान्नावारो, प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्ती. पहिल्याच हंगामात लीगमध्ये दुसरे आले, युव्हेंटसच्या दोन गुणांनी मागे. तिथे थुराम मुख्यतः मध्ये, कान्नावारोच्या शेजारी. ही जोडी कशी चालायची ते सांगतो, कारण तू स्टॉपर आहेस. कान्नावारो उंचीनं बेताचा, पण उडीत आणि चेंडू येण्याआधी पाऊल टाकण्यात तरबेज. तो पुढे झेपावायचा. मागे जी मोकळी जागा पडायची ती थुराम झाकायचा, कारण सहा फुटी देहाला न शोभणारा वेग त्याच्याकडे होता. एक चावणारा आणि एक राखणारा. दोघेही चावायला गेले की गोल खायचा, हे आपल्या शाहू स्टेडियमवर दर हंगामात दिसतं.

पुढे मालेसानी प्रशिक्षक झाले आणि पार्मा मागे तिघांनिशी खेळायला लागला: उजवीकडे थुराम, मध्ये सेन्सिनी, डावीकडे कान्नावारो. तुझ्या प्रश्नाला ही जागा सगळ्यात जवळची आहे. तिघांतला उजवा म्हणजे निम्मा स्टॉपर आणि निम्मा राइट-बॅक. चेंडू समोर असला तर मधल्यासारखं उभं राहायचं, समोरचा विंगर (कडेनं धावणारा) पळाला की त्याला साइडलाइनपर्यंत नेऊन सोडायचं. १९९९ च्या मे महिन्यात मॉस्कोत युएफा कपची फायनल झाली, पार्मानं फ्रान्सच्या मार्से क्लबला ३-० नं हरवलं. पहिला गोल कसा झाला माहीत आहे? मार्सेच्या बचावातला लॉराँ ब्लाँ, म्हणजे थुरामचा फ्रान्सच्या संघातला शेजारी, त्यानं डोक्यानं गोलकीपरकडे चेंडू परत ढकलला. तो अपुरा पडला आणि पार्माच्या क्रेस्पोनं मधल्यामध्ये उचलून कीपरच्या डोक्यावरून टाकला. ब्लाँ ज्या शांत डोक्यासाठी नावाजला होता, त्याच डोक्यानं घात केला. मोठी माणसंही चुकतात, असं म्हणून मी हे सोडून देत नाही. पोरांना विचारतो, "या हेडच्या वेळी दुसरा स्टॉपर कुठे होता?" तू पण व्हिडिओ बघ आणि शोध.

आता तो सामना. दोन गोल फक्त, असं तू लिहिलंस ना? ते दोन्ही एकाच संध्याकाळचे आहेत.

८ जुलै १९९८, वर्ल्ड कपची सेमीफायनल, पॅरिसजवळचं स्ताद द फ्रान्स, समोर क्रोएशिया. फ्रान्सची मागची फळी उजवीकडून डावीकडे अशी: थुराम, ब्लाँ, देसायी, लिझाराझू. प्रशिक्षक एमे जाके यांच्याकडे मध्ये ब्लाँ आणि देसायी असताना थुरामला मध्ये घालून त्यातल्या एकाला बाहेर बसवणं हा वेडेपणा झाला असता. म्हणून थुराम उजवीकडे. तू उजवीकडे का, याचंही उत्तर बहुधा तुझ्याच संघाच्या मधल्या दोघांत सापडेल. प्रशिक्षकांना जाऊन "माझ्यात काय कमी आहे?" असं विचारू नकोस, "मध्ये कोण खेळणार आणि त्यांना माझ्याकडून काय हवंय?" असं विचार. हा प्रश्न ऐकून कुठलाही प्रशिक्षक खूश होतो. मी तरी होतो.

पहिला हाफ कोरा गेला. दुसरा सुरू होऊन मिनिट झालं नसेल, क्रोएशियाच्या आसानोविचनं मधून चेंडू आत सारला आणि त्यांचा शुकर एकटा आपल्या, म्हणजे फ्रान्सच्या, गोलकीपर बार्तेझसमोर. गोल. आता हा प्रसंग थांबवून बघ. ब्लाँ आणि देसायी रेषा धरून, म्हणजे एका ओळीत, वर आलेत, शुकर त्यांच्या मागे. म्हणजे ऑफसाइड (पास निघताना बचावाच्या शेवटच्या माणसाच्याही पलीकडे) असायला हवा. पण स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला बघ. तिथे थुराम काही पावलं मागे राहिलाय. चेंडू त्याच्याकडे नाही, शुकर त्याच्या माणसांतला नाही, त्याच्याकडे कुणाचं लक्षही नाही. पण त्या काही पावलांनी शुकर ऑनसाइड झाला.

राइट-बॅकची ही सगळ्यात ठरलेली चूक आहे आणि स्टॉपरमधून राइट-बॅक झालेल्या पोराकडून ती हमखास होते. कारण सांगतो. मध्ये खेळताना रेषा तू ठरवतोस. तू वर निघालास की बाकीचे निघतात, तुला मान वळवून बघावं लागत नाही. कडेला गेलास की रेषा दुसऱ्याच्या हातात जाते, आणि तुझ्या डोळ्यांना मात्र सवय असते आपल्या विंगरकडे बघायची. चेंडू लांबच्या बाजूला असताना तुला वाटतं आपण निवांत. नेमकं तेव्हाच तुला आत सरकायचं असतं, आणि डोळा चेंडूवर नाही, जवळच्या स्टॉपरच्या खांद्यावर ठेवायचा असतो. त्याचा खांदा आणि आपला खांदा एका दोरीत. पोरांना शिकवताना मी खरोखरची दोरी वापरतो, सुतळीची, दोघांच्या कमरेला बांधून. हसतात सुरुवातीला.

एक माझीही गोष्ट सांगून टाकतो. एका स्पर्धेच्या फायनलला आमच्या मॅनेजरनं आयत्या वेळी मला उजवीकडे टाकलं, कारण बाहेरून आणलेला एक स्टॉपर मध्ये खेळवायचा होता. मला राग आला. मुद्दाम काही केलं नाही, पण रागात माणूस अर्ध्या पावलानं मंद होतो. ६० व्या मिनिटाला मी असाच मागे राहिलो आणि गोल पडला. पंच ऑफसाइड देईल म्हणून आमचे दोन्ही स्टॉपर हात वर करून उभे, आणि मी त्या दोघांच्या मागे, उघडा. माझ्या आयुष्यात पुढे बोबान वगैरे काही आला नाही, सामना आम्ही तिथेच हरलो.

थुरामच्या आयुष्यात आला. शुकरच्या गोलनंतर मिनिटभरात क्रोएशियाचा कर्णधार बोबान स्वतःच्या डीच्या (गोलसमोरच्या चौकोनाच्या) तोंडाशी चेंडू घेऊन घुटमळला. बघ, राइट-बॅक तिथे काय करत होता? चूक भरून काढायला वेड्यासारखा धावत सुटला होता, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. तो वर होता, कारण चेंडू पुन्हा सुरू झाल्यावर फ्रान्सनं दाबायला सुरुवात केली होती आणि राइट-बॅक म्हणून त्याची तीच जागा होती. त्यानं बोबानचा चेंडू हिसकावला, सहकारी जोरकाएफकडे दिला, पळत राहिला, परत घेतला आणि कीपर लादिचला चकवून आत घातला. १-१. मग ७० व्या मिनिटाला पुन्हा तोच. डीच्या कडेला धक्काबुक्कीत चेंडू राखला आणि डाव्या पायानं, हो, उजव्या पायाच्या माणसानं डाव्या पायानं, वळवून लांबच्या कोपऱ्यात. मग गुडघ्यावर बसला आणि बोट ओठांवर ठेवून विचारात पडल्यासारखा बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणी गोल केलाय. तो फोटो तू पाहिलाच असशील. फ्रान्स २-१.

त्यानंतर पाचेक मिनिटांत ब्लाँला रेड कार्ड मिळालं. क्रोएशियाच्या बिलिचच्या हनुवटीला हात लागला, बिलिच कपाळ धरून पडला. तो वाद फ्रेंच लोक अजून घालतात. फायनलला ब्लाँच्या जागी लबफ आला, १२ जुलैला ब्राझीलला ३-० हरवलं, आणि देसायी पण ६८ व्या मिनिटाला बाहेर गेला. अख्ख्या स्पर्धेत फ्रान्सनं गोल खाल्ले दोन: एक डेन्मार्कची पेनल्टी, दुसरा तो शुकरचा. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंत थुराम ब्राझीलचा रोनाल्डो आणि शुकर यांच्यानंतर तिसरा आला. बचावपटूला तिसरं बक्षीस! त्या दोन गोलांशिवाय ते मिळालं असतं का? नसतं, हे मी कबूल करतो. बक्षीस देणारे चेंडूकडे बघतात.

मग २००० चा युरो कप, रॉटरडॅममध्ये इटलीविरुद्ध फायनल. फ्रान्सच्या विल्तोरनं भरपाईच्या मिनिटांत, म्हणजे अगदी शिट्टी वाजायच्या बेतात बरोबरी केली आणि जादा वेळेत त्रेझगेनं गोल्डन गोल (जो पडला की सामना तिथेच संपायचा) मारला. थुराम पुन्हा उजवीकडेच. २००२ ला मात्र हेच जगज्जेते गटातच बाद झाले, एकही गोल न करता. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. पाय दमले होते.

क्लबच्या बाजूला २००१ च्या उन्हाळ्यात तो आणि बुफॉन एकदमच पार्माहून युव्हेंटसला गेले. त्याच उन्हाळ्यात युव्हेंटसनं झिदानला रेआल माद्रिदला विकलं होतं. म्हणजे एक जादूगार विकला आणि त्या पैशात गोल आणि बचाव विकत घेतला. लगेच २००२ आणि २००३ ची लीग जिंकली. प्रशिक्षक लिप्पी. आणि गंमत बघ, लिप्पीकडेही त्याला उजवीकडे जावं लागलं, कारण मध्ये फेरारा आणि मोंतेरो. २००३ ची चॅम्पियन्स लीग फायनल तो राइट-बॅक म्हणून खेळला आणि मिलानकडून पेनल्टीवर हरला. हा कप त्याला पुढेही कधी मिळाला नाही. मग २००४ ला कापेलो प्रशिक्षक झाले, इंटरकडून कान्नावारो आला आणि पार्माची जुनी जोडी पुन्हा मध्ये. शेजारी बदलला, जागा बदलली. २००५ आणि २००६ ची दोन्ही विजेतेपदं मात्र पंचांवर दबाव आणल्याच्या प्रकरणाच्या चौकशीत काढून घेतली गेली आणि युव्हेंटसला खालच्या विभागात टाकलं.

आता तुझ्यासाठी महत्त्वाचा भाग. २००४ च्या युरोत ग्रीसकडून हरल्यावर त्यानं देशाकडून खेळणं सोडलं. पुढच्या वर्षी फ्रान्सची वर्ल्ड कपची वाट बिकट झाली तेव्हा झिदान आणि मॅकेलेले यांच्याबरोबर तोही परत आला. ब्लाँ कधीचा गेलेला, देसायीही गेलेला. मधली जागा रिकामी होती. वयाच्या ३४ व्या वर्षी, २००६ च्या वर्ल्ड कपला, थुराम फ्रान्सचा स्टॉपर म्हणून उतरला. शेजारी गालास, उजवीकडे सान्योल, डावीकडे आबिदाल.

त्यातली पोर्तुगालविरुद्धची सेमीफायनल, ५ जुलै, म्युनिक, ही तू पूर्ण बघ आणि फक्त त्यालाच बघ. झिदानच्या पेनल्टीवर फ्रान्स ३३ व्या मिनिटाला पुढे गेला आणि मग तासभर राखायचं होतं. समोर पाउलेता, कडेला फिगो आणि तरुण ख्रिस्तियानो रोनाल्डो, मागून देको. थुरामचा वेग आता १९९८ चा नव्हता. तर त्यानं काय केलं? उजवीकडे खेळलेली सगळी वर्षं वापरली. सान्योल वर गेला की त्याच्या मागे किती जागा उरते, विंगर कुठल्या क्षणी आत वळतो, क्रॉस मारण्याआधी त्याचं डोकं कसं खाली जातं, हे त्याला आतून माहीत होतं. कारण ती जागा तो स्वतः राखून बसलेला. चेंडू यायच्या आधीच दोन पावलं सरकलेला दिसेल तुला. टॅकलसाठी जमिनीवर लोळण घेताना फारसा दिसणार नाही. सामनावीर तोच ठरला, १-० च्या सामन्यात, गोल न करता.

९ जुलैला बर्लिनमध्ये फायनल. समोर इटली, गोलमध्ये बुफॉन, कर्णधार कान्नावारो, त्याचा शंभरावा सामना. दहा वर्षांपूर्वी पार्मात ज्यांच्याबरोबर सराव केला तेच दोघं पलीकडे. १-१, मग पेनल्टीवर इटली ५-३. झिदाननं इटलीच्या खेळाडूला छातीत मारलेली डोक्याची टक्कर सगळ्यांना आठवते, बाकी काही कुणाला आठवत नाही.

पुढचं भराभर. युव्हेंटस खाली गेल्यावर बार्सिलोनात दोन हंगाम, बहुतेकदा पर्याय म्हणून. १३ जून २००८ ला युरोत नेदरलँड्सकडून १-४ अशी हार, तोच त्याचा १४२ वा आणि शेवटचा सामना. ह्यूगो लोरिसनं २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये मागे टाकेपर्यंत हा फ्रान्सचा विक्रम होता. पॅरिस सेंट-जर्मेनकडे जायचं ठरत होतं, पण वैद्यकीय तपासणीत हृदयातला जन्मजात दोष सापडला. त्याचा भाऊ बास्केटबॉल खेळताना मैदानावरच गेला होता. त्यानं त्याच उन्हाळ्यात खेळ थांबवला. या गोष्टीमुळे मी माझ्या गटातल्या प्रत्येक पोराचा ईसीजी हंगामाआधी करायला लावतो, पालक कुरकुरले तरी. तूही करून घे, दोन-चारशे रुपयांचं काम आहे.

त्यानंतर त्यानं वर्णद्वेषाविरुद्ध शाळाशाळांतून शिकवण्यासाठी स्वतःचं प्रतिष्ठान काढलं, त्यावर पुस्तकं लिहिली. तो खेळत असतानाही गप्प बसणाऱ्यातला नव्हता. २००६ मध्ये घराबाहेर काढलेल्या स्थलांतरितांना त्यानं आणि फ्रान्सच्या संघातल्या व्हिएरानं फ्रान्स-इटली सामन्याची तिकिटं दिली होती, तेव्हा राजकारणी चिडले होते. दोन मुलगे, मार्कस आणि केफ्रेन, दोघंही फ्रान्सकडून खेळलेत. एक पुढे, एक मिडफिल्डला. बापाला इतक्या वर्षांत एकही बचावपटू घरात तयार करता आला नाही, असं मी गमतीनं म्हणतो.

आता तुझ्या रविवारच्या मॅचचं. राइट-बॅक खेळ. साइडलाइन हा तुझा दुसरा माणूस आहे, विंगरला तिकडे वळव, आत येऊ देऊ नकोस. शरीर तिरकं ठेव, उजवा पाय मागे. पाठीमागे कोण येतंय ते स्टॉपर असताना ऐकू यायचं, इथे मान वळवून बघावं लागेल, दर पाच-सहा सेकंदांनी. पहिल्या दहा मिनिटांत जवळच्या स्टॉपरशी बोलून ठेव, कोण "वर" म्हणणार ते. एकानंच म्हणायचं. आणि त्यानं म्हटलं की चेंडू कुठेही असू दे, तुझा विंगर कुठेही असू दे, तू निघायचं.